पाच बटणं आणि आठ गुरुवार

एका बड्या सरकारी साहेबांना भर दुपारी, त्यांच्या स्वतःच्या शिपायासमोर, "साहेब, तेवढं पान थुकून या, तुमच्या चावण्यानं मला ऐकू यीना," असं सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला.

ऐकायचं होतं ते साहेबांच्या जीपचं दिव्याचं बटण. तात्यांनी ते कानाशी धरलं होतं, डोळे मिटले होते, आणि एका बोटानं ते दाबत होते, सोडत होते. साहेब बिचारे उठले, गटारापर्यंत जाऊन आले आणि पुन्हा खोक्यावर बसले.

"आता बोल माझ्या राजा," तात्या म्हणाले.

साहेबांना वाटलं, हे आपल्यालाच म्हणताहेत. ते बोलायला लागले. तात्यांनी एक डोळा उघडून त्यांच्याकडं असं पाहिलं की साहेबांनी अर्ध्यावर तोंड मिटलं. शिपाई पाठ फिरवून हसत होता.

मी हा प्रकार शेजारच्या खोक्यावर बसून बघत होतो. मला हसू आलं नाही. कारण त्या दिवशी माझी गाडी तात्यांच्या शेडात येऊन चौथा गुरुवार होता.

बारामतीत भिगवण रस्त्याला पत्र्याची एक लांबट शेड होती. तिच्यात तात्या मोटारींची बटणं दुरुस्त करत. फक्त बटणं. इंजिनाला हात लावत नसत, टायरकडं बघत नसत. कुणी ब्रेक लागत नाही म्हणून आला तर "तो रोग माझ्याकडं न्हाय" म्हणून त्याला वाटेला लावत. गाव त्यांना बटणतात्या म्हणे. वय पन्नाशीच्या आसपास, अंगात खाकी हाफशर्ट, डोक्याला मुंडासं, आणि कमरेला एक चामडी पट्टा. त्या पट्ट्यात सात-आठ लहानमोठे पेचकस खोचलेले. लढाईच्या दिवसांत ते पलटणीच्या मोटार-कारखान्यात होते आणि तिथं वाळवंटात ते हे काम शिकले, एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं. त्यापलीकडं मी चौकशी केली नव्हती. मला माणसाशी कर्तव्य नव्हतं, गाडीशी होतं.

मी इंदापूरला वकिली करायचो. दर गुरुवारी बारामतीच्या कोर्टात माझी कामं असत. एस.टी.च्या धक्क्यांना कंटाळून मी एका मायदेशी परत निघालेल्या इंजिनियरसाहेबाची जुनी विलायती गाडी घेतली. गाडी दिसायला देखणी होती. काळी, चकचकीत, पुढं दोन मोठे दिवे. आणि दाराच्या खांबात एक लाल हात. वळायचं असलं की बटण दाबायचं, मग तो हात खांबातून फटकन आडवा बाहेर यायचा. आमच्या भागात ही अपूर्वाई होती. पहिल्यांदा मी इंदापूरच्या चौकात तो हात बाहेर काढला, तेव्हा समोरून येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला उलट रामराम घातला.

गाडीत एकच वांधा होता. समोरच्या फळीवर ओळीनं पाच काळी बटणं होती, पाचही एकसारखी. प्रत्येकावर कधीकाळी एकेक इंग्रजी अक्षर असावं, ते पुसून गेलेलं. कुठलं कशाचं हे मी अंदाजानं पाठ केलं होतं.

तो अंदाज एका संध्याकाळी पिंपळीजवळ चुकला. गाडीत माझे सासरे होते. सासरे निवृत्त हेडमास्तर, आणि माझ्याविषयी त्यांचं मत आधीच फारसं बरं नव्हतं. दिवेलागण झाली म्हणून मी दिव्याचं बटण दाबलं. दिवे लागले नाहीत. हॉर्न वाजायला लागला आणि थांबेना. मी घाईनं दुसरं दाबलं, तर वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरायला लागला. तिसऱ्याला लाल हात बाहेर आला. चौथ्यानं आतला दिवा लागला, म्हणजे बाहेरच्यांना आम्ही दोघं स्वच्छ दिसायला लागलो. समोरून उसाच्या गाड्या येत होत्या. त्या आवाजानं बैल बिथरले, एक गाडी थेट शेतात उतरली. गाडीवान खाली उडी मारून जे बोलला ते सासऱ्यांनी हेडमास्तरकीच्या तीस वर्षांत ऐकलं नसेल. शेवटी एका शेतकऱ्यानं बॉनेट उचलून बॅटरीची तारच उपटली, तेव्हा पिंपळीत शांतता झाली.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "तुम्हाला यातलं काय येतं?"

गाडी एका रिकाम्या बैलगाडीला बांधून बारामतीला आणली. सासरे आत ताठ बसून होते. तो शेतकरी म्हणाला, "बटणतात्याकडं न्या. पण येळ असंल तरच न्या हां."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती अजिबात ऐकली नाही. ते गाडीत बसले आणि पाच बटणांकडं बघत राहिले. बराच वेळ गेल्यावर मी म्हणालो, "तात्या, दिव्याचं बटण बिघडलंय. डावीकडून पहिलं."

"बिघडलंय म्हंजे?"

"म्हणजे दिवे लागत नाहीत."

"लागत न्हाय ते येगळं आन बिघडलं ते येगळं."

"बरं. दिवे लागत नाहीत, हे तरी मान्य आहे? हो की नाही, एवढंच सांगा."

"हो की न्हाय ते तुमच्या कोर्टात, वकीलसाहेब. हितं बटान सांगंल ते खरं. आदी वळख पटली पायजे."

'वळख पटली पायजे' हे तात्यांचं पालुपद. ओळख पटल्याशिवाय ते बटणाला पेचकस लावत नसत. त्या सकाळी त्यांनी ओळख कशी पटवली ते मात्र मी कबूल केलं पाहिजे की पाहण्यासारखं होतं. त्यांनी एकेका बटणावरून बोट फिरवलं.

"ह्ये बघा. ह्याची कड झिजलीया. का झिजली? अंधारात मानूस चाचपडतंय. नीट मधी धरत न्हाय, कडंला पकडतंय. ह्ये दिव्याचं. ह्याच्या शेजारचं मधी खोल गेलंय, चिडून दाबल्यालं हाय. ह्यो हॉर्न. आन चार नंबरचं बघा, कसं कोरं करकरीत हाय, नव्या नवरीवानी. ह्ये वायपरचं. आपल्या तालुक्यात पाऊस पडतोय कवा म्हनून मानूस वायपर लावंल?"

मी थक्क झालो. दहा मिनिटं थक्कच होतो. मग तात्यांनी पाचही बटणं काढून गोणपाटावर ओळीनं मांडली.

"अहो, एकच बिघडलंय ना?"

"एकाला इचारलं तर ते दुसऱ्याचं नाव सांगनार. पाचीबी समोर पायजेत." आणि माझ्याकडं बघून ते जरा हसले. "तुमीबी असंच करता न्हवं?"

"किती दिवस लागतील?"

"गुरुवारी या."

मी गुरुवारी आलो. अकराच्या एस.टी.नं उतरून, कोर्ट दुपारी असायचं म्हणून आधी शेडात. तात्यांनी बटणं उकलून त्यांच्या पितळी पट्ट्या चिंचेच्या कोळात भिजत घातल्या होत्या. पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला, तो घासून काढायचा नसतो, आपणहून सुटू द्यायचा असतो, असं त्यांनी मला समजावलं. त्यात पाऊण तास गेला. मध्ये शेजारच्या महादूच्या हॉटेलातून दोन कप चहा आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पट्ट्या सोन्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या, पण आतल्या स्प्रिंगा दमल्या होत्या. "तीस वर्सं दाबून घेतलंय त्येंनी. दमनार न्हाय तर काय?" नव्या स्प्रिंगा तात्या छत्रीच्या काडीपासून, हातानं, एकेक वेढा मोजून करणार होते.

"बाजारात नवं बटण मिळतं तात्या. पुण्याहून मागवतो. बसवून टाका."

तात्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "तुमच्या सासऱ्यांचं दात पडलं तर तुमी नवा सासरा आनता का?"

सासऱ्यांचा उल्लेख व्हायला नको होता, तो मीच पहिल्या दिवशी केला होता.

मी चिडून गावातल्या दुसऱ्या एका मेकॅनिककडं गेलो. त्यानं तात्यांचं नाव ऐकताच कानाला हात लावला. "त्येंनी वायरींना गाठी मारून ठिवल्या असतील. कुठली गाठ कशाची, ते त्येंचं त्येंनाच ठावं. मी न्हाय त्यात पडत." म्हणजे गाडी पळवून न्यायचीही सोय नव्हती. मी मुकाट्यानं अकराच्या एस.टी.नं येत राहिलो.

घरी सौभाग्यवती हसत. "अहो, तुम्ही सहा-सहा महिने तारखा घेता, तेव्हा पक्षकारांना काय वाटत असेल?"

"ते वेगळं," मी म्हणायचो. काय वेगळं, ते मला सांगता यायचं नाही.

चौथ्या गुरुवारी, तो पानवाल्या साहेबांचा प्रकार आटोपल्यावर, तात्या माझ्याजवळ येऊन गंभीरपणानं म्हणाले, "वकीलसाहेब, एक वाईट बातमी हाय. तीन नंबरचं बटान ह्या गाडीचं न्हवंच. परकं हाय."

"लाल हाताचं? पण ते तर चालतंय!"

"चालतंय. पर ह्येचा आवाज बाकीच्या चौघांत मिसळत न्हाय. कुनीतरी मूळचं काढलं आन ह्ये घुसडलं. आधीच्या सायबाचा डायवर कोन व्हता?"

ड्रायव्हर निरवांगीचा होता. नोकरी सुटल्यावर गावी शेती करत होता, एवढं मला ठाऊक होतं. ते मी बोलून गेलो आणि पस्तावलो. पाचवा गुरुवार सुट्टीचा होता. त्या सुट्टीत एक वकील आणि एक बटणवाला एस.टी.नं, आणि पुढं दीड मैल पायी, भर उन्हात, एका काळ्या बटणाच्या शोधात निरवांगीला गेले. माझ्या धोतराला कुसळं लागली. तात्या पुढं झपाझप चालत होते आणि पलटणीतल्या मोटारींच्या गोष्टी सांगत होते. एकेका मोटारीचं बटण कसं बोलायचं त्याचे आवाज तोंडानं काढून दाखवत होते. मी एकही आवाज ऐकला नाही. ऊन लागत होतं.

ड्रायव्हर घरी होता. बटण त्यानं काढलं होतं हे त्यानं लगेच कबूल केलं. "सायबाच्या टायमालाच अडकाया लागलं व्हतं. दुसरं घातलं आन ह्ये तसंच खिशात राह्यलं." ते आता पाळण्याला टांगलेलं होतं. त्याची आठ-नऊ महिन्यांची मुलगी ते दोन्ही हातांनी धरून चघळत होती.

तात्यांनी ते सोडवून घेतल्याबरोबर तिनं जो सूर लावला, त्यापुढं पिंपळीचा हॉर्न काहीच नव्हता. ड्रायव्हरची बायको ओशाळून पुढं आली. पण तात्यांनी तिला हातानंच थांबवलं, पाळण्याशी मांडी घातली आणि खिशातून दुसरं एक बटण काढलं. मुलीनं ते फेकलं. तिसरं काढलं, तेही फेकलं. तात्यांच्या खिशात किती बटणं होती देव जाणे. चौथं त्यांनी आधी स्वतःच्या धोतरानं पुसलं, आणि तिच्या कानाशी हलकेच दाबलं. टक. मुलगी थांबली. पुन्हा टक. तिनं डोळे मोठे करून त्यांच्याकडं पाहिलं. मग तात्यांनी तिचं एवढंसं बोट आपल्या बोटात धरलं आणि तिच्याकडून ते दाबून घेतलं.

अर्धा तास हे चाललं होतं. आमची परतीची एस.टी. चुकली.

"हिला लगीच कळलं," येताना तात्या मला म्हणाले. "तुमी अजून अंगठ्यानंच दाबता. अंगठा दस्तावर उठवायचा असतोय, वकीलसाहेब. बटनाला बोट."

त्या दिवशी मी घरी पोचलो तो ठरवूनच, की आता हे प्रकरण कायद्यानं मिटवायचं. सातवा गुरुवारही 'अजून आठ दिस' असाच गेला, तेव्हा मी स्वतःच्या हातानं नोटीस लिहिली. 'सदर गाडी दुरुस्तीच्या मिषानं बेकायदेशीरपणे अडकवून ठेवल्याबद्दल...' अशी सुरुवात केलेली. चांगली दीड पानी नोटीस होती. बायकोनं वाचली आणि या वेळी न हसता परत दिली. तिचं ते न हसणं मला खटकलं, पण मी नोटीस घडी करून कोटाच्या खिशात घातली. आठव्या गुरुवारी ती तात्यांच्या हातात द्यायची, साक्षीला महादूला बोलवायचं, आणि गाडी बैल लावून ओढत न्यायची, असा माझा बेत होता.

त्या गुरुवारी योग असा आला की एक पक्षकार ट्रक घेऊन बारामतीला निघाला होता. त्याच्याबरोबर मी नऊलाच पोचलो. शेडाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं लिंबाचं मोठं झाड होतं. ट्रकनं मला तिथंच सोडलं. मी धूळ झटकली, खिशातली नोटीस चाचपली आणि रस्ता ओलांडणार, तेवढ्यात गाडीचे दिवे लागलेले दिसले.

मी झाडाआड थांबलो. तात्या गाडीत बसले होते. दोन्ही मोठे दिवे सकाळच्या उजेडातही स्वच्छ जळत होते. मग ते विझले. हॉर्न एकदाच, हलका वाजला आणि थांबला. वायपर दोनदा फिरून जागेवर बसला. आतला दिवा लागला, गेला. शेवटी लाल हात फटकन बाहेर आला, आणि परत खांबात गेला. पाचही बटणं फळीवर होती. गाडी तयार होती. आज झाली असेल, कालची असेल किंवा चार दिवसांपूर्वीचीही असेल.

मला मनापासून आनंद झाला. मी पाऊल उचललं.

तेवढ्यात तात्या गाडीतून उतरले. त्यांनी शेडाच्या तोंडाशी येऊन स्टँडच्या दिशेला पाहिलं, मग आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं. मग परत गाडीत बसले, कमरेचा लहान पेचकस काढला आणि डावीकडून पहिलं बटण, दिव्याचं, उकलायला लागले. एकेक स्क्रू काढून त्यांनी गोणपाटावर ठेवला. पट्टी वेगळी केली. स्प्रिंग बाहेर काढली. सगळं काळजीपूर्वक, काही हरवू नये असं.

वकिलाला असं क्वचित लाभतं. आरोपी आपल्या डोळ्यांदेखत गुन्हा करताना सापडणं!  आठ आठवडे! उन्हातली निरवांगी! मी तडक महादूच्या हॉटेलात घुसलो आणि त्याला म्हणालो, "महादू, तुला साक्षीला यायचंय. तुझा हा तात्या भामटा आहे. गाडी कधीच झालेली आहे, आणि तो ती पुन्हा उकलतोय."

महादू भजी तळत होता. त्यानं झारा थांबवला नाही. "व्हय," तो म्हणाला.

"व्हय काय? तुला ठाऊक होतं?"

"दोन आठवडं झालं." त्यानं भजी निथळली, हात पुसले आणि माझ्या समोरच्या बाकावर बसला. "वकीलसाहेब, तुमी आज लवकर आला. तुमचा चहा अकराला सांगितल्याला हाय. दर बेस्तरवारी सकाळीच सांगून ठिवतो तात्या. दोन कप, त्यातला एक कमी साखरंचा, वकीलसाहेबांचा."

मला साखर कमी लागते, हे मी तात्यांना कधी सांगितल्याचं आठवेना.

"आन एरवी?" महादू पुढं म्हणाला. "एरवी एकबी न्हाय. शेडात गाडी नसली म्हंजे चार-चार दिस त्येचं त्वांड उघडत न्हाय. मग एक दिस हितं येतो, मला म्हनतो, 'महादू, माझा आवाज बरोबर हाय का रं?' म्या म्हनतो, हाय तात्या. मग जातो."

 महादूच सांगत राहिला. तात्या लढाईवर असताना इकडं त्यांची बायको तापानं गेली. पत्र वाळवंटात पोचायला इतके महिने लागले की ते वाचेपर्यंत इकडं वर्षश्राद्ध होऊन गेलेलं. परत आले ते घरी राहिलेच नाहीत. घर भावाला देऊन टाकलं आणि ही शेड उभी केली. मूलबाळ काही नव्हतं.

"पलटनीत रातंदिस दहा-बारा जनं एका तंबूत व्हते म्हनं. सारखी बडबड. त्येची सवं लागल्याली," महादू म्हणाला. "लोकं गाडी ठिवून जात्यात आन झाल्यावर मानूस धाडत्यात न्यायला. तुमी सोता येता. बसता. चिडता, पर बसता."

भज्यांची बशी माझ्यासमोर होती. मला ती खाववेना. मी उठलो आणि बाजाराच्या बाजूनं चालायला लागलो. जाताना शेडाकडं बघितलं नाही. मंडईत जाऊन मी भाव विचारत हिंडलो, वांगी घेतली नाहीत, मेथीची एक जुडी घेतली आणि ती कोर्टात कशी न्यायची हे सुचेना म्हणून एका म्हातारीला देऊन टाकली. ती माझ्याकडं संशयानं बघत राहिली. माझा राग गेला होता असं नाही. गाडी मला हवीच होती. पुढच्या महिन्यात सासरे पुन्हा यायचे होते. पण तो राग आता कुणावर धरायचा, ते कळत नव्हतं.

अकराची एस.टी. धुरळा उडवत स्टँडवर आली. उतरणाऱ्या माणसांत मी मिसळलो आणि त्यांच्याबरोबर चालत, घाम पुशीत, शेडात शिरलो.

तात्या गाडीतून खाली उतरले. हातात ती पितळी पट्टी होती. त्यांनी ती उजेडात धरली.

"या, वकीलसाहेब. एक नंबरचं बटान लई हट्टी निघालं बघा. दिवा लावतंय, पर मन लावून लावत न्हाय. अजून आठ दिस तरी."

 तात्या माझ्या तोंडाकडं बघत होते. ते जरा जास्तच वेळ बघत होते. मी गप्प राहिलो तर त्यांना शंका येईल, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मी ओरडलो.

"आठ दिवस? तात्या, तुम्ही माणूस आहात की कोण आहात? एका बटणाला दोन महिने? मी तुमच्यावर फिर्याद लावीन! मन लावून लावत नाही म्हणजे काय? बटणाला मन असतं?"

तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी खोकं पुढं ओढलं, त्यावरची धूळ मुंडाशाच्या शेवानं झटकली.

"बसा तर खरं. सांगतो. बटनाला मन असतंय का न्हाय त्येचीच तर गंमत हाय."

ते सांगत राहिले. वाळवंटातल्या कुठल्याशा मोटारीची गोष्ट होती. तिचा दिवा फक्त एकाच ड्रायव्हरच्या हातानं लागायचा. या वेळी मी ती ऐकली. तोंडानं काढलेले आवाजसुद्धा ऐकले. मध्येच महादू दोन कप घेऊन आला. माझ्याकडं न बघता त्यानं कप खाली ठेवले आणि निघून गेला.

कोर्टाची वेळ झाली तसा मी उठलो. तात्या शेडाच्या दारापर्यंत पोचवायला आले. हे ते कधी करत नसत.

"म्हंजे म्होरल्या बेस्तरवारी किती वाजता येताय?" त्यांनी विचारलं.

"नेहमीच्याच एस.टी.नं," मी म्हणालो. "त्याच्या आधी नाही येणार."